पडलेलं गाणं पुन्हा उभं करताना: पेट शॉप बॉइज आणि त्यांचा पहिला अल्बम ‘प्लीज’

जानेवारी १९८६ मध्ये ‘वेस्ट एंड गर्ल्स’ हे गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मार्चमध्ये ‘प्लीज’ हा अल्बम आला आणि मे महिन्यात तेच गाणं अमेरिकेतही अव्वल ठरलं. पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीची गोष्ट बहुतेक वेळा इथूनच सांगितली जाते, जणू दोन माणसं एका रात्रीत कुठूनशी उगवली. पण हेच गाणं एप्रिल १९८४ मध्ये एकदा बाजारात येऊन गेलं होतं आणि ब्रिटनमध्ये १२१व्या क्रमांकाच्या वर चढलं नव्हतं. शब्द जवळपास तेच, चाल तीच, गाणारा तोच. मधल्या पावणेदोन वर्षांत या जोडीने जे निर्णय घेतले, ते मला त्यांच्या यशापेक्षाही महत्त्वाचे वाटतात. स्वतःची गाणी करणाऱ्या कुणालाही त्यांतून बरंच घेता येईल, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

नील टेनंट १९५४ चा, इंग्लंडच्या ईशान्येकडचा, न्यूकॅसल परिसरातला. लंडनमध्ये इतिहास शिकला आणि मार्व्हल कॉमिक्सच्या ब्रिटिश कचेरीत संपादनाला लागला. अमेरिकी संवादांची भाषा ब्रिटिश वाचकांसाठी बदलायची, नायिकांचे कपडे फारच तोकडे असतील तर चित्र दुरुस्त करायला सांगायचं, अशी ती नोकरी. पुढे पुस्तक प्रकाशनात काही वर्षं काढून १९८२ मध्ये तो ‘स्मॅश हिट्स’ या लोकप्रिय पॉप पाक्षिकात रुजू झाला आणि तिथे सहसंपादक झाला.

ख्रिस लो त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, ब्लॅकपूलचा. शाळेत असल्यापासून ट्रॉम्बोन वाजवायचा, लिव्हरपूल विद्यापीठात वास्तुरचना शिकत होता आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लंडनच्या एका आर्किटेक्टकडे कामाला आला होता. मिल्टन कीन्समधल्या एका औद्योगिक इमारतीचा जिना त्याने काढलेला आहे. दोघांची गाठ ऑगस्ट १९८१ मध्ये किंग्ज रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पडली. एकाला गाण्याचे शब्द आणि पॉपचा इतिहास यांचं वेड, दुसऱ्याला नाचाच्या ठेक्याचं. कॅमडेन भागातल्या एका छोट्या स्टुडिओत ते आपली गाणी टेपवर घेऊ लागले. सुरुवातीला जोडीचं नाव ‘वेस्ट एंड’ होतं. नंतर ईलिंगमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मित्रांवरून ‘पेट शॉप बॉइज’ झालं.

त्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं. स्वस्त सिंथेसायझर आणि ठेका देणारी यंत्रं आल्यामुळे बँडला चार-पाच जण लागतातच असं उरलं नव्हतं. एकाने गायचं, दुसऱ्याने यंत्रांमागे उभं राहायचं. सॉफ्ट सेल १९८१ मध्ये, याझू १९८२ मध्ये आणि युरिथमिक्स १९८३ मध्ये याच घडणीतून वर आले. म्हणजे आपल्या जोडीला दार उघडेपर्यंत तो साचा वापरून झालेला होता. १९८५ च्या उन्हाळ्यात तर लाइव्ह एडची, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीची प्रचंड मैफल झाली आणि मोठी मैदानं, गिटार, घामाघूम गायक यांचीच हवा होती.

अडचण

ऑगस्ट १९८३ मध्ये ‘द पोलिस’ या बँडच्या निमित्ताने पाक्षिकाने टेनंटला न्यूयॉर्कला पाठवलं. तिथे त्याने बॉबी ऑर्लँडोला गाठलं. ऑर्लँडो, म्हणजे बॉबी ओ, हा नाचाच्या वेगवान गाण्यांचा निर्माता. डिव्हाइन आणि द फ्लर्ट्स यांची गाणी त्याने केलेली. टेनंट आणि लो दोघेही त्याच्या आवाजावर फिदा होते. जेवणाच्या टेबलावर टेनंटने आपल्या गाण्यांचा विषय काढला आणि ऑर्लँडोने तिथेच रेकॉर्डिंग करू म्हणून सांगितलं. त्याच्याकडे झालेल्या कामातून ‘वेस्ट एंड गर्ल्स’ची पहिली आवृत्ती आली.

लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत ती वाजली, बेल्जियम आणि फ्रान्समध्येही चालली. पण ब्रिटनमध्ये काहीच झालं नाही. पुढचं गाणं आलं, तेही गेलं. आणि मग खरा पेच समोर आला: करार. आवडत्या निर्मात्याने हात पुढे केला त्या आनंदात जे कागद सही झाले, त्यांत त्यांची पुढची वाट बांधली गेली होती. दुसऱ्या कंपनीला त्यांच्यात रस वाटला तरी आधी ही गाठ सोडवावी लागणार होती. टेनंट तिशीत आलेला. पॉपच्या जगात पदार्पणासाठी ते वय उशिराचंच धरलं जातं. आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आठवड्याला नवे चेहरे येताना आणि पुढच्या मोसमात नाहीसे होताना त्याने संपादकाच्या खुर्चीतून पाहिलेले होते.

समोरचे पर्याय

मांडून पाहिलं तर चार वाटा दिसतात. ऑर्लँडोबरोबरच राहून गाणी काढत राहायचं, कारण आवाज तर त्याचाच आवडत होता. कोर्टात जायचं. जुनी गाणी तिथेच सोडून नव्याने सुरुवात करायची. किंवा वाटाघाटी करून मोकळं व्हायचं आणि त्याची किंमत द्यायची.

पहिल्या वाटेत धोका असा की ब्रिटनमध्ये गाणं पोहोचवायला त्या व्यवस्थेकडे बळ नव्हतं. कोर्टाची वाट नव्या कलाकारासाठी जवळजवळ बंदच असते. वेळ त्याचा जातो, समोरच्याचा नाही. तिसरी वाट वरवर स्वच्छ दिसते, पण त्यांची सगळी ताकद त्या जुन्या गाण्यांतच होती. ‘वेस्ट एंड गर्ल्स’, ‘ऑपॉर्च्युनिटीज’, ‘इट्स अ सिन’ ही सगळी तोवर लिहून झालेली होती. ती टाकून द्यायची तर उरतं काय?

काय केलं

त्यांनी चौथी वाट धरली. १९८५ च्या वसंतात ऑर्लँडोशी तडजोड झाली. त्याला पुढच्या विक्रीतून रॉयल्टीचा मोठा वाटा मिळणार होता. अजून एक पैसाही हातात आलेला नसताना उद्याच्या पैशातला वाटा लिहून द्यायचा, हे सोपं नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. त्यांनी पैसा दिला आणि गाणी घेतली. टॉम वॉटकिन्स त्यांचा व्यवस्थापक झाला, ईएमआयच्या पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि टेनंटने ‘स्मॅश हिट्स’ सोडलं. सहकाऱ्यांनी निरोपाला त्याचं एक खोटं मुखपृष्ठ बनवून दिलं: बँड बुडाला आणि हा नोकरी परत मागायला आला, अशा आशयाचं. थट्टा खरी, पण धंद्यातल्या माणसांना तीच शक्यता सगळ्यांत जवळची वाटत होती.

पार्लोफोनकडे पहिलं गाणं कोणतं द्यायचं? त्यांनी ‘ऑपॉर्च्युनिटीज’ निवडलं. भरपूर पैसा कमावण्याची स्वप्नं रंगवणाऱ्या दोघांचं, ऐंशीच्या दशकातल्या लंडनच्या हावेवर बोट ठेवणारं गाणं. जुलै १९८५ मध्ये ते आलं आणि ११६व्या क्रमांकावर थांबलं. मोठी कंपनी, नवा करार, नोकरीवर पाणी सोडलेलं, आणि निकाल जवळपास पहिल्यासारखाच.

इथे बहुतेक जण नवं गाणं लिहायला बसले असते. या दोघांनी जुनंच गाणं पुन्हा हातात घेतलं. निर्माता म्हणून स्टीफन हेग हवा, असा त्यांचा आग्रह होता. माल्कम मॅकलॅरेनसाठी हेगने केलेलं, ऑपेरा आणि आधुनिक ठेका एकत्र आणणारं काम टेनंटला फार आवडलं होतं. लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत काम सुरू झालं.

दोन्ही आवृत्त्या एकामागून एक ऐकल्या तर निर्णय कुठे फिरला ते कानालाच कळतं. ऑर्लँडोची आवृत्ती न्यूयॉर्कच्या डान्स फ्लोअरसाठी घडवलेली आहे. ठेका कडक, ढोल पुढे, मधे दम खायला जागा नाही. टेनंटचं बोलत बोलत गाणं त्या गर्दीत जेमतेम तग धरतं. हेगने लय उतरवली. सुरुवातीला स्टुडिओबाहेरच्या रस्त्यावरचे आवाज ठेवले, पावलं आणि रहदारी. त्याखालून तारवाद्यांसारखे लांब स्वर येतात, मग बास. हेलेना स्प्रिंग्जचा आवाज पाठीशी उभा राहतो आणि मधेच इम्युलेटर या वाद्यांचे नमुने वाजवणाऱ्या यंत्रावर वाजवलेला ट्रम्पेटचा तुकडा येतो. आता टेनंटच्या थंड, स्पष्ट उच्चारांच्या इंग्रजी आवाजाला भोवती मोकळी जागा मिळते. अमेरिकी रॅपवरून सुचलेली बोलण्याची शैली आता अमेरिकेची नक्कल वाटत नाही. रात्री लंडनच्या फुटपाथवरून चालता चालता कुणी आपल्याशी बोलतंय, असं वाटतं. पूर्वेकडची कष्टकरी वस्ती आणि पश्चिमेकडचा झगमगाट यांच्यात ताणलेलं ते शहर गाण्याच्या शब्दांत आधीपासून होतंच. नव्या रचनेने ते ऐकू येऊ दिलं.

ऑक्टोबर १९८५ च्या अखेरीस गाणं पुन्हा बाजारात आलं. यादीत शिरलं ते ८०व्या क्रमांकावर. तिथून नोव्हेंबर, डिसेंबर असं हळूहळू वर चढत राहिलं. अँडी मोराहन आणि एरिक वॉटसन यांनी केलेल्या चित्रफितीत टेनंट लांब कोट घालून पुढे चालतो, लो दोन पावलं मागे. कुणी नाचत नाही, हसत नाही. शेकिन स्टीव्हन्सच्या नाताळच्या गाण्याला बाजूला सारून जानेवारीत त्यांनी पहिली जागा घेतली आणि दोन आठवडे टिकवली.

आता घाई करण्याचा मोह होता आणि घाई करणं भागही होतं. अल्बमचं काम त्याच स्टुडिओत, हेगबरोबरच चालू होतं. फेब्रुवारीत आलेलं ‘लव्ह कम्स क्विकली’ १९व्या क्रमांकावर थांबलं. एकाच गाण्यापुरते आले आणि गेले, असं म्हणायला लोकांना निमित्त मिळालं. माझ्या कानाला ते त्या अल्बममधलं सर्वांत सुंदर गाणं वाटतं, पण ते घाईत कळणारं नाही.

‘प्लीज’ २४ मार्च १९८६ ला प्रसिद्ध झाला. गाण्यांचा क्रम असा लावलेला आहे की त्यातून एक सैलसर कथा उलगडते. दोघं रात्री घर सोडून पळतात, शहरात पोहोचतात, पैशाच्या मागे लागतात, प्रेमात पडतात, उपनगरातला कंटाळा आणि हिंसा पाहतात, आणि शेवटच्या गाण्यात एकत्र राहण्याचा प्रश्न विचारतात. पहिल्या गाण्यात बोलणाऱ्या कॅल्क्युलेटरचा आवाज आहे. दोनाला शून्याने भागायचं, म्हणजे दोघं कधीच वेगळे व्हायचे नाहीत. ‘सबर्बिया’वर लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या दंगलींची सावली आहे. ‘लेटर टुनाइट’मध्ये ठेका जवळजवळ थांबतोच, फक्त पियानो आणि दबलेली ओढ.

मार्क फॅरोने केलेलं मुखपृष्ठही याच बेतातलं: सगळं पांढरं, मधोमध टपाल तिकिटाएवढा फोटो, दोघांच्या गळ्यात पांढरे टॉवेल. त्या वर्षीची इतर मुखपृष्ठं रंगांनी आणि केसांनी ओसंडून वाहत होती, दुकानातल्या मांडणीत ही पांढरी चौकट लांबूनही वेगळी दिसायची. दुकानात जाऊन गिऱ्हाईकाने ‘पेट शॉप बॉइजचा अल्बम द्या, प्लीज’ म्हणावं, एवढ्यासाठी नाव ‘प्लीज’.

एक निर्णय सहज नजरेतून सुटतो. ‘इट्स अ सिन’ आणि ‘रेंट’ ही गाणी तयार असूनही त्यांनी या अल्बममध्ये घेतली नाहीत. पहिल्याच खेपेला सगळा दारूगोळा उडवायचा नाही, ही समज पदार्पण करणाऱ्यांत क्वचित दिसते.

निकाल

अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. मे १९८६ मध्ये ‘वेस्ट एंड गर्ल्स’ अमेरिकेत एक आठवडा पहिलं राहिलं. त्यानंतर जोडीने आपलीच युक्ती पुन्हा वापरली. पडलेलं ‘ऑपॉर्च्युनिटीज’ नव्याने घडवून काढलं, ते ब्रिटनमध्ये ११ आणि अमेरिकेत १० वर गेलं. ‘सबर्बिया’ सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून काढताना अल्बममधलं जसंच्या तसं न उचलता जूलियन मेंडेलसनबरोबर पुन्हा रेकॉर्ड केलं, ते आठव्या क्रमांकावर पोहोचलं. १९८७ मध्ये ‘वेस्ट एंड गर्ल्स’ला सर्वोत्तम सिंगलचा ब्रिट पुरस्कार आणि आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी राखून ठेवलेलं ‘इट्स अ सिन’ दुसऱ्या अल्बममधून आलं आणि ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिलं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा अर्थातच बॉबी ओशी झालेला करार. त्याला भेटणं चूक नव्हतं. त्याच्याशिवाय ती गाणी टेपवरून रेकॉर्डपर्यंत आलीच नसती आणि क्लबांमधलं पहिलं बळही मिळालं नसतं. पण करार एका रेकॉर्डपुरता आणि ठरावीक मुदतीचा ठेवता आला असता. ज्याला आपण मानतो त्याच्यासमोर अटी काढायला जीभ रेटत नाही. म्हणूनच तिथे आपल्या वतीने बोलणारं तिसरं माणूस हवं. आपल्याकडेही कितीतरी तरुण संगीतकार पहिली सही अशाच भारावलेल्या क्षणी करतात.

दुसरा मुद्दा पार्लोफोनकडच्या पहिल्या गाण्याचा. हेगला आधीच बोलावून ‘वेस्ट एंड गर्ल्स’नेच सुरुवात केली असती तर जुलैचं अपयश टळलं असतं, असं म्हणता येईल. मला ते पूर्ण पटत नाही. आधीच पडलेलं गाणं नव्या कंपनीकडे पहिलं म्हणून नेणं म्हणजे आपल्याकडे दुसरं काही नाही, असं सांगण्यासारखं झालं असतं. चूक गाण्याच्या निवडीत नव्हती, गाण्याच्या घडणीत होती. तेच गाणं वर्षभराने सुधारून आलं तेव्हा चाललंच की. पहिल्या वेळी रचनेवर आणखी काही आठवडे घालवायला हवे होते.

अल्बमबद्दल माझी एक तक्रार आहे. ‘आय वॉन्ट अ लव्हर’ आजही जुन्या पद्धतीने ढकललेलं वाटतं. क्रमाने उभी राहिलेली कथा तिथे ढिली पडते. त्या जागी काय बसलं असतं याचा विचार केला की ‘इट्स अ सिन’ची आठवण येतेच, पण ते मागे ठेवलं याचं मला समाधानच वाटतं.

याच काळातली मुंबईतली एक घटना इथे नोंदवावीशी वाटते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वर्षानुवर्षं काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही बास आणि ठेका देणारी यंत्रं घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. विलक्षण काम. तेव्हा ते फारसं कुणी घेतलं नाही आणि तबकडी विस्मरणात गेली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोत पुढे जन्मलेल्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा आवाज तिच्यात आधीच होता. कल्पनेत ते लंडनच्या जोडीपेक्षा तसूभर मागे नव्हते. फरक इतकाच की पडलेल्या कामाला दुसऱ्यांदा उभं करणारी कंपनी, व्यवस्थापक, निर्माता यांपैकी कुणीच आसपास नव्हतं. २०१५ मध्ये ते गेले. उतारवयात का होईना, त्यांना आपलं काम लोकांपर्यंत पोहोचलेलं पाहायला मिळालं. पण मधली २८ वर्षं कुणी भरून देऊ शकत नाही.

शेवटचा प्रश्न दौऱ्याचा. १९८६ मध्ये दौऱ्याची आखणी झाली होती. ऑपेरासारखी नेपथ्यरचना त्यांच्या मनात होती. खर्च आवाक्याबाहेर गेला आणि बेत रद्द झाला. छोट्या सभागृहांत, दोन यंत्रं आणि दोन माणसं एवढ्यावर दौरा काढता आला असता. त्याने अमेरिकेतला श्रोता अधिक घट्ट धरला असता, आणि व्यवसायाच्या हिशेबाने मी तोच सल्ला दिला असता. त्यांनी अर्धवट दाखवण्यापेक्षा न दाखवणं पसंत केलं. पहिला दौरा १९८९ मध्ये हाँगकाँग, जपान आणि ब्रिटनमध्ये झाला. त्याचं दिग्दर्शन चित्रपटकार डेरेक जार्मन यांनी केलं, आणि गाण्यांमागच्या पडद्यावर दाखवायला त्यांनी खास चित्रपट तयार केले.